एमआरआय अहवालातील श्वेतद्रव्याचे बदल कसे वाचावेत

स्मरणशक्तीच्या तक्रारीसाठी केलेल्या एमआरआयच्या अहवालात 'श्वेतद्रव्यात बदल' असे लिहिलेले दिसले की घरचे लोक धसका घेतात. श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूचे निरनिराळे भाग जोडणाऱ्या मज्जातंतूंचा भाग. परंतु असे बदल साठी उलटलेल्या बहुतेकांच्या मेंदूत थोडेफार आढळतात आणि केवळ त्यांवरून अल्झायमरचे निदान करता येत नाही.

प्रथम फ्लेअर प्रतिमांविषयीचा मजकूर वाचावा. या पद्धतीत मेंदूतील द्रवाचा संकेत दाबला जात असल्याने द्रव काळा दिसतो आणि इजा झालेले श्वेतद्रव्य पांढरे उठून दिसते. या पांढऱ्या डागांचे प्रमाण सांगणारी, १९८७ साली मांडलेली फाझेकास श्रेणी दिली असल्यास खोलवरच्या डागांसाठी ० म्हणजे डाग नाहीत, १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे एकमेकांत मिसळू लागलेले ठिपके आणि ३ म्हणजे मोठे सलग डाग, असा अर्थ लावावा. उतारवयात १ ही श्रेणी सहसा चिंतेची नसते. २ किंवा ३ असल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजाराचा विचार होतो, म्हणून रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. माझ्या मते संपूर्ण अहवालातील सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, कारण येथे प्रत्यक्ष काही करता येते.

त्यानंतर हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाचा, उल्लेख शोधावा. अल्झायमरच्या सुरुवातीच्या काळात हा भाग आक्रसू लागतो आणि त्याची पाहणी शेल्टेन्स श्रेणीने, ० (आक्रसलेला नाही) ते ४ (फार आक्रसलेला) या मापाने, वय लक्षात घेऊन केली जाते. डाग पुष्कळ आणि हिप्पोकॅम्पस शाबूत, असे चित्र असल्यास रक्तवाहिन्यांचा वाटा मोठा असण्याची शक्यता वाढते. दोन्ही आजार एकत्र असणेही मुळीच दुर्मीळ नाही.

डिफ्युजन टेन्सर इमेजिंग ही एमआरआयची आणखी एक पद्धत श्वेतद्रव्याच्या तंतूंमधील पाण्याच्या हालचालीची दिशा मोजते. तंतू विस्कळीत झाले की ही हालचाल एका दिशेत कमी बांधलेली राहते, आणि सिंग्युलम व फॉर्निक्स या स्मृतीशी निगडित तंतुमार्गांत हा फरक साध्या एमआरआयवर डाग दिसण्याआधीही आढळू शकतो. मात्र तो प्रामुख्याने रुग्णगटांच्या तुलनेतून सिद्ध झालेला असल्याने एकट्या व्यक्तीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

लेकॅनेमॅबसारख्या अमायलॉइडविरोधी (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारे अमायलॉइड प्रथिन हटवणाऱ्या) औषधाचा विचार चालू असेल, तर सूक्ष्म रक्तस्राव दाखवणाऱ्या प्रतिमा घेतल्या आहेत का, हे अवश्य विचारावे. जुना एमआरआय असल्यास त्याच्या मूळ प्रतिमा, नुसता अहवाल नव्हे, रेडिओलॉजिस्टकडे द्याव्यात. शक्यतो त्याच यंत्रावर आणि त्याच पद्धतीने पुढील तपासणी झाल्यास तुलना अधिक विश्वासार्ह ठरते.