वळवाच्या वाऱ्यापूर्वी पत्र्याच्या छताची तपासणी

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा चाळीत भरला जातो आणि त्याच सुमारास वळवाचे वारे सुटतात; त्यामुळे कांदाचाळ, गोठा व पोल्ट्री शेड यांच्या छताची तपासणी त्याआधी उरकावी. छतावरून वेगाने जाणारा वारा पत्रा वर ओढतो आणि उघड्या बाजूने आत शिरलेला वारा त्याच पत्र्याला खालून रेटतो. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरतो, तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे तेवढ्या जागेतील वजन अर्धा किलोही नसते. कोपरे, पागोळीकडची कड आणि आढ्यालगतचा भाग येथे ही ओढ सर्वाधिक असते.

पत्रा सहसा मधोमध फाटत नाही. प्रत्येक झोताबरोबर तो स्क्रूभोवती वर-खाली वाकतो, वायसरखाली बारीक चिरा पडून वाढत जातात आणि अखेरीस स्क्रू जागेवरच राहून पत्रा त्याच्या डोक्यावरून निसटतो. डिसेंबर 1974 मध्ये ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा असंख्य छते अशीच गेली. त्यानंतर तेथे पत्र्यांची चाचणी पुन्हा पुन्हा ताण देऊन घेतली जाऊ लागली. मागच्या वादळात छत टिकले, एवढ्यावरून यंदा निर्धास्त राहू नये.

तपासणी कडेच्या ओळींपासून सुरू करावी. वायसरखालची चीर वरून दिसत नाही, म्हणून काही स्क्रू काढूनच पाहावे लागतात. चीर आढळल्यास त्याच भोकात जाड स्क्रू बसवून भागत नाही; तो पत्रा बदलावा. कडेला पन्हळीच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू असावा, मात्र उंचवटा चेपेपर्यंत तो आवळू नये. लाकडी वाशावर नुसत्या खिळ्यांनी ठोकलेले पत्रे हुक बोल्टने बांधून घ्यावेत, आणि वासा कैचीला (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) घट्ट आहे ना, हेही पाहावे, कारण तो सुटला तर पत्र्यांसह अख्खे पाखे उचलले जाते.

पत्र्यावर दगड ठेवण्याची आपल्याकडील पद्धत सोडून द्यावी. वरच्या हिशेबात दगडांचे वजन पुरत नाहीच, शिवाय तेच दगड जनावरांवर कोसळतात. वारा सुटल्यावर छतावर चढू नये. वादळात निसटलेले, भोके फाटलेले पत्रे पुन्हा छताला न वापरता आडोशाच्या कामी घ्यावेत.