अवयव पाडायचेत? आधी गुणाकाराचा आयत काढा

आठवीत हे प्रकरण आलं की मुलं सरळ सूत्रं पाठ करायला बसतात आणि परीक्षेत दोन सूत्रांची भेसळ होते, म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की सूत्रं नंतर, आधी आयत. इंदूरला शाळेत अवयवांना गुणनखंड म्हणोत की फॅक्टर, पद्धत हीच लागते.

आपल्याकडे २० बाय ५० चा प्लॉट पोरासोरांनाही माहीत असतो. वीसची बाजू ३ फूट आणि पन्नासची २ फूट वाढवली तर प्लॉट २३ बाय ५२ झाला. कागदावर काढून बघा, चार तुकडे दिसतील: २०×५० = १०००, २०×२ = ४०, ३×५० = १५० आणि कोपऱ्यातला ३×२ = ६. एकूण ११९६. आता (क्ष + ३)(क्ष + ५) घ्या, तसेच चार तुकडे: क्ष² + ५क्ष + ३क्ष + १५, म्हणजे क्ष² + ८क्ष + १५. झाला गुणाकार. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं लिहिणाऱ्यांचे मधले दोन अब तुकडे राहून गेलेले असतात, आयत काढला की ते सुटतच नाहीत.

बेरीज करताना फक्त सारखी पदं एकत्र करायची. भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात अज्ञात राशींसाठी कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं वापरली होती, मला ती फार आवडतात, कारण काळ्यात निळं मिळवायचं नाही हे मुलांना लगेच पटतं. क्ष² आणि क्ष यांचंही तसंच, ते वेगळेच ठेवा.

आता उलट जायचं, बेरजेतून पुन्हा गुणाकाराचे कंस काढायचे, यालाच अवयव पाडणं म्हणतात. सगळ्यात आधी सामाईक काही निघतं का बघा, ६क्ष² + ९क्ष मधून ३क्ष बाहेर काढला की ३क्ष(२क्ष + ३), संपलं.

खरी अडचण ६क्ष² + क्ष − १२ सारख्या त्रिपदीत, म्हणजे तीन पदं असतात तिथे, येते, तिथे घाई करू नका. पहिला सहगुणक (क्ष² च्या आधीची संख्या) आणि शेवटची संख्या गुणा: ६ × (−१२) = −७२. आता अशा दोन संख्या हव्यात की गुणाकार −७२ आणि बेरीज मधला सहगुणक, म्हणजे १. अंदाजाने शोधत बसू नका, ७२ च्या जोड्या ओळीने लिहा: १-७२, २-३६, ३-२४, ४-१८, ६-१२, ८-९. गुणाकार ऋण आहे म्हणजे एक संख्या धन, एक ऋण, मग फरक १ असलेली जोडी पाहिजे, ती ८-९. मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह द्यायचं, म्हणून +९ आणि −८. मधलं पद फोडा:

६क्ष² + ९क्ष − ८क्ष − १२
= ३क्ष(२क्ष + ३) − ४(२क्ष + ३)
= (२क्ष + ३)(३क्ष − ४)

दुसऱ्या ओळीत दोन्ही कंस हुबेहूब सारखे आलेच पाहिजेत. बहुतेक वेळा गडबड उणे बाहेर काढताना होते, −४ बाहेर काढला की आतल्या −१२ चा +३ होतो, इथे थांबून चिन्ह बघा.

ताळा करायला क्ष = २ ठेवा: वर २४ + २ − १२ = १४, खाली ७ × २ = १४, जुळलं. ० किंवा १ ठेवू नका, त्यात बऱ्याच चुका लपतात. एका किमतीने सिद्ध होत नाही पण चूक बहुधा सापडते, पक्कं करायचं तर पुन्हा गुणून बघा.

दोनच पदं असतील आणि मध्ये उणे असेल तर वर्गांची वजाबाकी आहे का बघा, ४क्ष² − २५ = (२क्ष + ५)(२क्ष − ५). तोंडी हिशोबातही हे कामाचं, १०१ × ९९ म्हणजे १०००० − १ = ९९९९. क्ष² + २५ चे मात्र असे अवयव पडत नाहीत.

जोडी सापडतच नसेल तर मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिला आणि शेवटचा यांच्या गुणाकाराची चौपट वजा करा. वरच्या उदाहरणात १ + २८८ = २८९, म्हणजे १७ चा वर्ग, म्हणून जोडी मिळाली. पूर्ण वर्ग आला नाही तर पूर्णांकात अवयव नाहीत, शोधणं थांबवा.

आता १०क्ष² − ११क्ष − ६ स्वतः सोडवा, (२क्ष − ३)(५क्ष + २) यायला पाहिजे.