मँडरिन शिकायला निघालाय? मग आधी गावातलं इंडी म्युझिक शोधून ठेवा

चीनमध्ये मँडरिन शिकायला जाणार असाल तर एक गणित आधीच करून ठेवा. तिकडचं सेमिस्टर सप्टेंबरच्या सुरुवातीला चालू होतं आणि आपले गणपती पण साधारण त्याच सुमाराला येतात, म्हणजे कोकणात ज्या दिवसांत सगळ्यात जास्त नवी गाणी वाजतात तेव्हा तुम्ही हॉस्टेलच्या खोलीत मा-मा-मा-मा करत बसलेले असणार. (आई, ताग, घोडा आणि शिव्या घालणे, सगळं एकच 'मा', फक्त टोन वेगळा.) माझं तसंच झालं. म्हणून सोबत न्यायच्या गावाकडच्या गाण्यांची शोधाशोध आदल्या दिवाळीपासून सुरू करा, व्हिसाची वाट बघत बसू नका.

आता इंडी म्हणजे काय, तर म्युझिक कंपनीशिवाय स्वतःच्या हिमतीवर केलेलं गाणं. मी पण आधी बँडकॅम्प आणि साउंडक्लाउड या कलाकार स्वतःच गाणी टाकतात अशा साइट्सवर 'कोकण', 'रत्नागिरी', 'मालवण' असं टाकून गिटारवाली पोरं शोधत होतो, चार-दोन बरी गाणी मिळाली आणि संपलं. मग एकदा मामाकडं चिपळूणला जाखडीचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या नाचगाण्याचा, सामना बघत बसलो होतो, तेव्हा डोक्यात आलं की हा शाहीर गाणी स्वतः लिहितो, चाल स्वतः बसवतो, रेकॉर्डिंगचे पैसे मंडळ वर्गणी काढून भरतं आणि गाणं यूट्यूबवर टाकतो व्हिडिओ शूटिंगवाला, यात कंपनी कुठंच नाही. मग हे इंडी नाही तर काय!

तर पहिलं काम, यूट्यूबवर सर्च मराठीत करा, देवनागरीत. 'शक्ती तुरा', 'जाखडी', 'बाल्या डान्स', 'नमन', 'डबलबारी' यातला एक शब्द आणि पुढं आपल्या तालुक्याचं नाव. फिल्टर लावून हल्लीचेच अपलोड बघा, नाहीतर तेच दहा व्हायरल व्हिडिओ परत परत येतात. व्ह्यूज बघू नका, साडेतीनशे व्ह्यूजवाल्या व्हिडिओत कधीकधी असला आवाज सापडतो की बस. आणि खालचं डिस्क्रिप्शन वाचा, तिथं मंडळाचं, शाहिराचं किंवा बुवांचं (भजन गाणाऱ्याचं) नाव असतं, ते धरून पुढं शोधायचं.

जाखडी ऐकताना एवढं माहीत असलं की मजा दुप्पट होते: शक्तीवाले शक्तीला मोठं मानतात, तुरेवाले शिवाला, आणि रात्रभर गण, गवळण, मग सवाल-जवाब करत एकमेकांना अडकवतात. पोरं पायात चाळ बांधून गोल फिरतात, गाणारे-वाजवणारे मध्ये. चाल बऱ्याचदा सिनेमातली उचललेली असते, त्यावरून नाक मुरडू नका, शब्द ऐका.

सिंधुदुर्गात आलात की डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा समोरासमोर, पेटी, पखवाज, टाळ, अभंग आणि गजर होता होता बुवा असला चिमटा काढतात की समोरची बाजू लाल. जुन्यातलं ऐकायचं तर परशुराम पांचाळ, चंद्रकांत कदम, विलास पाटील या बुवांच्या नावानं शोधा. कॅसेटवरून उतरवलेलं असतं, खरखर असते, पण ऐकाच. त्यांचं ऐकल्याशिवाय आजचे बुवा कुणाची गायकी पुढं नेतायत ते कळत नाही.

दशावतार, म्हणजे देवादिकांच्या गोष्टींचं रात्रीचं नाटक, मात्र मोबाइलवर नका बघू, जत्रेलाच जा. दिवाळीनंतर सीझन चालू होतो, सोनुर्लीच्या माउलीची जत्रा, पुढं आंगणेवाडी, महाशिवरात्रीला कुणकेश्वर, आणि मधे रोज कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असतंच. चहाच्या टपरीवर 'आज नाटक खंय असा?' एवढं विचारा, नाटक कंपनीच्या नावासकट उत्तर मिळतं. वालावलकर, मोचेमाडकर या जुन्या कंपन्या. संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावरच सुचतात, आणि पेटीवाला नटाच्या तोंडाकडं बघत पद उचलतो. मी तर हल्ली नटापेक्षा पेटीवाल्याकडंच जास्त बघतो.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी बुवांना किंवा मॅनेजरला विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. भोंग्यासमोर फोन धरलात तर सगळं फाटतं, त्यापेक्षा पखवाजाच्या बाजूला पण थोडं लांब बसा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, पॉवरबँक जवळ ठेवा. साउंडवाल्याशी ओळख असेल तर मिक्सरवरूनच पेनड्राइव्हवर मागा. तीन तासांची बारी १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साधारण १७० एमबी होते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात दीडशेच्या वर बाऱ्या मावतात, जागा नाही हे कारण चालणार नाही. आणि फुकट ऐकून येऊ नका हो, बक्षीस द्या. पन्नास रुपये दिले तरी माइकवरून नाव घेतात!

आता सगळ्यात महत्त्वाचं. चीनमध्ये यूट्यूब, स्पॉटिफाय, इन्स्टा सरळ चालत नाहीत. मी एका अॅपवर चारशे गाणी ऑफलाइन करून मोठ्या ऐटीत गेलो होतो, महिन्याभरानं सगळी करडी पडली, वाजेचनात, कारण त्या अॅपला मधूनमधून नेटवरून हजेरी लागते. तेव्हा गाणी फाइल म्हणूनच पाहिजेत, एक कॉपी कार्डात, एक घरच्या लॅपटॉपवर. बँडकॅम्पवर विकत घेतलं की फाइल उतरवता येते, पैशातला मोठा वाटा पण कलाकाराला जातो. तैवानला जाणाऱ्यांना हा ताप नाही, तिकडं यूट्यूब-स्पॉटिफाय चालतात आणि स्ट्रीटव्हॉइस म्हणून त्यांची स्वतःची इंडी साइट आहे. तिथं 'तूली यीन्युए' (獨立音樂) लिहून शोधा, म्हणजे स्वतंत्र संगीत.

हे 'तूली' पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, डी नं लिहितात बरं का, पण उच्चार आपल्या त च्या जवळचा. टी लिहिलेलं असेल तर थ कडे झुकतं. वर्गातले इंग्रजीवाले इथंच अडकतात, आपल्याला प-फ, त-थ लहानपणापासून वेगळे ऐकू येतात, आणि पखवाजाचे बोल कानावर असतील तर आणखीनच सोपं.

एक राहिलंच. प्रत्येक फाइलला नाव देताना बुवा, गाव, तारीख लिहा. माझ्याकडं 'ऑडिओ ००४७' नावाची एक गवळण आहे, पहाटे तीनला कुठल्यातरी देवळात घेतलेली, मागं कुणीतरी खोकतंय, आणि बाई कोण गातायत ते दोन वर्षं झाली शोधतोय.