भारताचा 'जिंकायलाच हवा' असा व्हॉलीबॉल सामना तालमीत सगळ्या खेळाडूंनी मिळून कसा बघायचा

भारतीय व्हॉलीबॉल संघ गटातल्या शेवटच्या सामन्याला उभा राहतो, तेव्हा त्याच्या मागं बहुतेक व्हॉलीबॉलवालेच असतात. सातारा जिल्ह्यात पैलवान, कबड्डी, खो-खो, तिरंदाजी आणि लांब पल्ल्याचे धावपटू गावोगाव आहेत. खेळाडूच्या पोटातली कालवाकालव खेळाडूलाच कळते, म्हणून या सगळ्यांना एका पडद्यासमोर बसवा. मात्र खेळ समजला नाही तर तिसऱ्या सेटला निम्मी पोरं बाहेर मोबाइल घेऊन बसतात. त्यामुळे पडद्याइतकीच तयारी खेळ समजावण्याची ठेवा.

आधी गणित फळ्यावर मांडा

सामना ३-० किंवा ३-१ सेटनं जिंकणाऱ्या संघाला तक्त्यात ३ गुण आणि हरणाऱ्याला शून्य. ३-२ झालं तर जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला १. क्रमवारी लावताना आंतरराष्ट्रीय पद्धतीत आधी किती सामने जिंकले ते बघतात, मग गुण, मग सेटचं गुणोत्तर (जिंकलेले भागिले हरलेले) आणि शेवटी सामन्यातल्या पॉइंटचं. इथंच घोळ होतो, कारण लोक थेट गुण मोजतात.

समजा चार संघांच्या गटातून दोन पुढं जाणार आहेत. भारतानं 'अ'ला ३-१ हरवलं आणि 'ब'कडून २-३ हरला, म्हणजे एक विजय, ४ गुण. 'क'चे दोन विजय, ६ गुण. 'ब'चा एक विजय, २ गुण, आणि त्याचा 'अ'शी सामना बाकी आहे. 'ब'नं तो ३-० जिंकला तर त्याचे दोन विजय आणि ५ गुण. आता भारत 'क'शी २-३ हरला तरी गुण ५ होतात, पण विजय एकच, म्हणून बाहेर. उलट ३-२ जिंकला तर दोन विजय, ६ गुण आणि दुसरा क्रमांक. ३-१ जिंकला तर ७ गुण आणि थेट पहिला. असा तक्ता खडूनं फळ्यावर लिहून ठेवला की प्रत्येक सेटला माणसं स्वतःच हिशोब करू लागतात. त्या स्पर्धेचे नियम मात्र आधी वाचून घ्या, कुठं क्रम वेगळा असू शकतो.

जागा, वीज, डेटा

सामना जपानमध्ये असेल तर तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, म्हणजे तिथले संध्याकाळचे ७ हे आपले दुपारचे साडेतीन. दुपारी उघड्यावर प्रोजेक्टर चालत नाही, चित्र पांढरं फटक पडतं. तालमीचा हॉल घ्या आणि खिडक्यांना घोंगडी लावा. आधीचा सामना पाच सेटचा झाला तर आपला उशिरा सुरू होतो, तेवढा वेळ हातात ठेवा. उघड्यावर कर्णा लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी काढा आणि रात्री १० ला बंद करा. तिकीट लावू नका.

पन्नास-साठ माणसांना १२० इंचांचा पडदा पुरतो, साधारण पावणेनऊ फूट रुंद आणि पाच फूट उंच. साधा प्रोजेक्टर त्यासाठी तेरा फुटांवर ठेवावा लागतो. माणसं सतरंजीवर बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी, नाहीतर मागच्यांना नेटच दिसत नाही.

सगळ्यात जास्त फजिती डेटाची होते. एचडी चित्राला तासाला दोन-तीन जीबी जातात आणि पाच सेटचा सामना अडीच तासांपर्यंत लांबतो. रोज दीड जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावला तर पहिल्या तासातच वेग पडतो आणि चित्र गोल फिरत बसतं. ब्रॉडबँड नसेल तर आठ जीबी शिल्लक असलेला फोन ठेवा, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन जोडीला.

वीज गेली तर दिव्याचा प्रोजेक्टर थंड होऊन पुन्हा पेटायला काही मिनिटं घेतो, तेवढ्यात पाच-सहा गुण निघून जातात. म्हणून प्रोजेक्टर, स्पीकर आणि राउटर इन्व्हर्टरवरच चालवा. १५० एएचची चांगली बॅटरी ४०० वॉटवर तीनेक तास निघते. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस'वर हवं. ते साध्या मोडवर असेल तर वीज जाता-येताना राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

थेट प्रक्षेपण ऑनलाइन वीस-तीस सेकंद मागं असतं. स्कोअरचं ॲप उघडणारा एकजण सगळ्यांचा रस घालवतो. फोन दाराशी टोपलीत ठेवायला सांगा.

पडदा लागण्याआधी सहा चपला

मैदान १८ बाय ९ मीटर, पुरुषांचं नेट २.४३ मीटर, महिलांचं २.२४. तालमीच्या फरशीवर खडूनं ९० सेंटिमीटरचा चौकोन काढा, हा एका बाजूचा अर्धा भाग. नेटपासून ३० सेंटिमीटरवर आडवी रेघ ओढा, ती तीन मीटरची रेषा. त्यात सहा चपला मांडा, तीन पुढं, तीन मागं. सर्व्हिस परत मिळाली की घड्याळाच्या काट्यासारखी एक-एक जागा सरकवा. पुढचा उजवा मागं जातो आणि सर्व्हिस करतो. सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, ज्याला आपल्याकडं लिफ्टर म्हणतात, त्याच्या चपलेला लाल चिंधी बांधा. ती चप्पल मागच्या रांगेत असेल तर पुढं तीन स्मॅशर मिळतात, पुढं आली की दोनच. दहा मिनिटांत पैलवानालाही कळतं की काही फेऱ्यांत गुण का अडतात. शूटिंग बॉल खेळलेल्यांना हे आधी दाखवा, कारण तो खेळ वेगळा आहे आणि नियमांची गल्लत तिथंच होते.

नवखा माणूस स्मॅशवर टाळ्या वाजवतो, पण डोळे पहिल्या स्पर्शावर हवेत. सर्व्हिस घेतलेला चेंडू नेटजवळ सेटरच्या डोक्यावर आला तर तो तीन बाजूंना देऊ शकतो आणि समोरचा ब्लॉक, म्हणजे नेटवर हात वर करून अडवणारे, उशिरा पोचतो. तोच चेंडू तीन मीटरच्या रेषेवर पडला तर मधून स्मॅश मारायची संधी बहुधा जाते, आणि कडेला दोघांचा ब्लॉक आधीच उभा असतो. कबड्डीवाल्यांना हे उलटं वाटेल, पण इथं सर्व्हिस करणारा नाही, घेणाराच वरचढ. वरच्या पातळीवर साधारण तीनातले दोन गुण घेणाऱ्याचे. म्हणून आपल्या सर्व्हिसवर गुण आला की तो खरा फायदा. आरोळी तिथं ठोका.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारतानं दक्षिण कोरियाला २५-२७, २९-२७, २५-२२, २०-२५, १७-१५ असं हरवलं. बेरीज करून बघा, दोघांचे ११६ गुण. एकेक सर्व्हिस किती मोलाची, हे या पाच आकड्यांवरून दाखवा. तिरंदाजीच्या पोरांना सांगावं लागत नाही. साताऱ्याच्या आदिती स्वामीनं त्याच वर्षी बर्लिनला जागतिक सुवर्ण १४९-१४७ असं जिंकलं होतं.

रॅली चालू असताना समजावत बसू नका. प्रत्येक संघाला सेटमध्ये ३० सेकंदांचे दोन टाइमआउट असतात, तेव्हा बोला. दोन सेटमध्ये तीन मिनिटं मिळतात, म्हणून गुण वीसला आले की चहा किटलीत तयार हवा.

संघाला निरोप

आदल्या दिवशी सकाळच्या उन्हात, तोंडावर उजेड घेऊन सहा-आठ खेळाडूंचे दहा-दहा सेकंदांचे व्हिडिओ काढा. खेळ, गाव आणि एक वाक्य: "मी कराडची खो-खोपटू, उद्या आम्ही तुमच्यासोबत." सल्ला नको, 'हरलात तर' नको, 'देशाची लाज राखा' तर नकोच, त्यानं खांद्यावरचं ओझं वाढतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहरे धुरकट होतात. एका मिनिटात जोडून आदल्या संध्याकाळी संघाच्या अधिकृत खात्याला टॅग करून टाका. खेळाडूच्या वैयक्तिक इनबॉक्समध्ये सामन्याच्या दिवशी काहीही पाठवू नका.

जिंकले तर कंदी पेढे आणि लगेच दुसरा व्हिडिओ, सगळे एकत्र उभे राहून. हरले तर त्या रात्री काही टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या वेळी तालमीतल्या सगळ्यांनी मिळून एकच ओळ पाठवा: "बघितलं, शेवटच्या गुणापर्यंत बघितलं."