मृत्युपत्र लिहिण्याआधी दाराशी कोण आहे ते पाहावे

मृत्युपत्र लिहायला बसण्यापूर्वी बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाचे बारावा आणि सोळावा हे दोन अध्याय शांतपणे वाचावेत. बाराव्या अध्यायात एक माणूस भावाकडून वतनाचा वाटा मिळवून देण्याची विनंती येशूला करतो. येशू वाटणी करण्यास नकार देतो आणि मोठी कोठारे बांधण्याचा बेत करून त्याच रात्री मरणाऱ्या धनवानाचा दृष्टान्त सांगतो. सोळाव्या अध्यायातील दृष्टान्तात श्रीमंताने लाजर नावाच्या भिकाऱ्याला मारले किंवा हाकलले असे कुठेही म्हटलेले नाही. फोडांनी भरलेला तो माणूस दाराशी पडून होता आणि आत रोज थाटाची जेवणे चालली होती. या दृष्टान्तात भिकाऱ्याला नाव आहे, श्रीमंताला नाही. म्हणून संपत्तीची यादी करण्याआधी आपल्या दाराशी असलेल्या माणसांची नावे लिहावीत, असे मला मनापासून वाटते. घरी वीस वर्षे स्वयंपाक करणारी बाई असो वा आजारपणात रात्र-रात्र उशाशी बसलेला चाळीतला मुलगा, प्रत्येकाचे पूर्ण नाव, पत्ता आणि रक्कम स्पष्ट लिहावी. ‘गरिबांना काही द्यावे’ अशा मोघम वाक्यातून कोणाच्या हाती काही पडणे कठीण.

मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती कुटुंबात भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मुले असतील तर पतीला किंवा पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांना सारखे मिळते. त्या बाईचे नाव या वाटणीत कुठेच येत नाही; ते फक्त आपणच घालू शकतो.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र दोन साक्षीदारांनी आपल्यासमोर सह्या करणे आवश्यक आहे. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेली देणगी रद्द ठरते, म्हणून त्या बाईला किंवा तिच्या नवऱ्याला साक्षीदार करू नये. सोसायटीत नॉमिनी नेमला म्हणजे फ्लॅट त्याच्या मालकीचा होतो, हा मुंबईत घरोघरी आढळणारा गैरसमज आहे. फ्लॅट कोणाला द्यायचा ते मृत्युपत्रातच लिहावे.

पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला धर्मादाय देणगी द्यायची तर मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करावे लागे. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केले. अडसर गेला, तरी शेवटच्या आजारपणाची वाट पाहू नये. शुभवर्तमानातील गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांना, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्यांना, मोल आले, कारण ते तिला उद्याच्या जेवणासाठी हवे होते. मरणानंतर सोडावेच लागणारे धन देण्यात तेवढा त्याग नसतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यस्त जीवन पत्करले आणि १९१९ मध्ये मुंबईत देह ठेवला. तेवढे आपल्याला झेपणार नाही. पण ठरवलेल्या रकमेचा काही भाग या वर्षीच द्यावा.

अंत्यविधी साधा हवा असेल, भारी शवपेटी आणि फुलांऐवजी तो पैसा कोणाच्या औषधपाण्याला जावा असे वाटत असेल, तर ते मृत्युपत्रात लिहून भागत नाही, कारण ते बहुधा दफनानंतरच उघडले जाते. या सूचना वेगळ्या कागदावर लिहून एक प्रत मुलांकडे आणि एक आपल्या धर्मगुरूंकडे किंवा पाळकांकडे आधीच द्यावी.