हायवेला ॲव्हरेज पडलं होतं, दोष निघाला ब्रेकमध्ये

जळगाव-धुळे नेहमीचं जाणं-येणं, छोटी पेट्रोल गाडी. टाकी फुल ते टाकी फुल मोजून लिटरला 19 मिळायचं, ते 15 वर आलं. आणखी एक खूण: एरंडोलच्या उतारावर न्यूट्रल न करता नुसता पाय काढला तरी गाडी लगेच मंदावायची.

एअर फिल्टर, प्लग बदलले, हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरली, पेट्रोलही दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं. फरक शून्य. दोन महिने नुसता वैताग.

मग पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा, शेवटी ब्रेक फारसा न मारता, चारही रिमजवळ हात नेला (लावू नका, भाजेल). पुढचं डावं चाक तापलेलं, बाकीची कोमट. तुलना एकाच बाजूच्या चाकांची नको; पुढचं पुढच्याशीच ताडा.

घरी गाडी गार झाल्यावर मागच्या चाकांना दगड लावले. आधी नट सैल, मग जॅक, खाली स्टँड. चाक हाताने फिरेना. कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडून तारेने टांगला, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू दिला नाही. खालची स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) गंजून जाम, म्हणून ब्रेक पूर्ण सुटत नव्हता; पॅड एकीकडे जास्त झिजलेला. पिन घासून ब्रेक क्लीनरने धुतली, फाटलेलं रबर बदललं, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साधं ग्रीस रबर फुगवतं. पॅड दोन्ही चाकांचे नवे. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक होईस्तोवर दाबलं.

पुढच्या दोन टाक्या: 18.6 आणि 19.1.