प्रोस्टेटचा बायोप्सी रिपोर्ट कसा वाचायचा, आणि त्यात वंशाचा काय संबंध

आधी ग्लीसन स्कोअर शोधा, म्हणजे मायक्रोस्कोपखाली कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा. तिथे ३+४=७ नाहीतर ४+३=७ असं काहीतरी असतं, बेरीज सारखीच पण मामला वेगळा, कारण पहिला आकडा म्हणजे जास्त भागात दिसलेला पॅटर्न (पेशींची ठेवण), म्हणून ३+४ ग्रेड ग्रुप (गांभीर्याची पायरी) २ आणि ४+३ ग्रेड ग्रुप ३, जास्त गंभीर. नुसतं ७ वाचून फाईल बंद करू नका प्लीज. मग किती कोअर (सुईने घेतलेले तुकडे) काढले आणि कितींमध्ये कॅन्सर सापडला ते बघा.

आता वंशाचं. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना हा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा जास्त होतो, कमी वयात होतो आणि मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट, आशियाई वंशाच्या लोकांत मात्र कमी. म्हणूनच अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०१० च्या गाईडलाईनमध्ये पीएसए टेस्टबद्दल (प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाची रक्ततपासणी) डॉक्टरांशी बोलायचं वय सर्वसाधारण पुरुषांना ५० आणि कृष्णवर्णीयांना ४५ दिलंय. पण सगळं वंशातच असतं असं अजिबात समजू नका, तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत उपचार सगळ्यांना सारखे मिळतात, तिथे हा फरक बराच कमी दिसलाय, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

अजून एक, काही अभ्यासांत कृष्णवर्णीयांच्या गाठी प्रोस्टेट ग्रंथीच्या पुढच्या भागात जास्त सापडल्या, आणि गुदद्वारातून घेतलेल्या नेहमीच्या बायोप्सीत सुई मागून जाते, त्यामुळे पुढचा भाग सुटू शकतो. रिपोर्ट सौम्य आणि पीएसए चढतंच असेल तर एमआरआयबद्दल स्पष्ट विचारा.